नगर रस्त्यावरचे अक्षर

पुण्याहून नगरच्या दिशेने निघाले की वाघोली, लोणीकंद, पेरणे फाटा मागे पडतात, भीमेचा पूल येतो आणि पलीकडे कोरेगाव भीमा सुरू होते. पुढे सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या पट्ट्यातल्या ज्वारी-बाजरीच्या रानांत कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागोमाग त्यांना लागणारी सगळी लहान दुकाने आली: लेथवाले, पावडर कोटिंगवाले, मेसवाले, झेरॉक्सवाले, फ्लेक्स छापणारे. अलीकडे त्यांत वेबसाइट करून देणाऱ्यांची भर पडली आहे. दोन-चार माणसे, एखादा गाळा किंवा घरातलीच एक खोली. गिऱ्हाईक येते ते फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपचे, मंगल कार्यालयाचे, दवाखान्याचे, शाळेचे, प्लॉटिंगवाल्याचे, थंडीत हुरडा पार्टी ठेवणाऱ्या शेतकऱ्याचे. बोलणेही जवळपास ठरलेले असते. लोगो व्हिजिटिंग कार्डावरून काढून घ्या, फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो, आणि मजकूर तुम्हीच टाका.

या शेवटच्या तीन शब्दांत फार मोठी जबाबदारी सोपवली जाते. मालक उठून जातो आणि पंचविशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी त्या धंद्याबद्दल, त्या गावाबद्दल जगाला काय कळावे आणि कोणत्या भाषेत कळावे, हे ठरवू लागते. मराठीच्या भवितव्याची चर्चा आपण साहित्य संमेलनात करतो, विधिमंडळात करतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद रास्तच होता. पण मराठी अक्षर एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेले, त्या प्रत्येक वेळी वाट काढली ती कुठल्यातरी लहान दुकानातल्या कारागिराने. गेली दोनशे वर्षे हे असेच चालत आले आहे, आणि आज ती पाळी वेबसाइट करणाऱ्यांची आहे.

या दोनशे वर्षांचा एक टोकाचा पुरावा कोरेगावकरांच्या डोळ्यांसमोर, नदीच्या अलीकडच्या काठावर पेरण्याच्या हद्दीत उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तिथे जयस्तंभ उभारला. त्याची पायाभरणी १८२१ ची. स्तंभावरचा मजकूर इंग्रजीत आहे आणि मराठीतही आहे. कंपनीच्या बाजूने पडलेल्या सैनिकांची नावे तिथे कोरलेली आहेत आणि त्यांतल्या अनेक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती महार सैनिकांची नावे. कंपनीला आपल्या विजयाची नोंद हवी होती, तिचा हेतू तेवढाच. पण नाव एकदा सर्वांना वाचता येईल अशा जागी लिहिले गेले की पुढे त्याचे काय होणार, हे लिहवून घेणाऱ्याच्या हातात राहत नाही. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना जागा नव्हती, त्यांच्या माणसांची नावे इथे दगडावर होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आज दर १ जानेवारीला लाखो लोक येतात. छन्नी चालवणाऱ्या पाथरवटाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्यासाठी ते हाती आलेले एक काम होते.

आता दुसरी बाजू पाहू. हा स्तंभ उभा राहिला तेव्हा या मुलखाचा रोजचा कारभार मोडीत चालत होता. पेशव्यांच्या फडावरची पत्रे, कुलकर्ण्यांची दप्तरे, सावकारांच्या वह्या, जमिनीची खते, सगळे मोडीत. बोरूने भराभर लिहिण्यासाठी घडलेली ती लिपी. मोडीचे खिळे पाडणे अशक्य नव्हते. सेरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरीने १८१० मध्ये मराठी कोश मोडी टाइपात छापला होता. तरीही छापणाऱ्यांना बाळबोध, म्हणजे देवनागरी, सोयीची पडली, कारण त्याच खिळ्यांवर संस्कृत पोथीही निघत होती. छापील मराठी बाळबोधीत गेली, मोडी हाताने लिहिण्यापुरती उरली, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतूनही गेली. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल पडून आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे फार थोडी. घरात पणजोबांचे खत असले, तरी त्यात काय लिहिले आहे हे कळायला जाणकार शोधावा लागतो. संगणकाच्या युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली २०१४ मध्ये. तोवर ती रोज लिहिणारी पिढी संपली होती. जे अक्षर नव्या माध्यमात वेळेवर पोचत नाही, त्याचे काय होते, हे पाहायला आपल्याला परक्या देशाचे उदाहरण नको.

बाळबोध वाचली, कारण तिच्यासाठी माणसांनी जिवाचे रान केले. नाना फडणवीसांच्या काळी पुण्यात एका तांबट कारागिराला तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे कोरून छापण्याची विद्या शिकवण्यात आली. गीता छापायची होती. नाना १८०० मध्ये गेले, पुण्यातले ते काम राहिले, आणि १८०५ मध्ये मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने पत्र्यांवरून ती गीता छापली गेली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातले काम पाहून स्वतःचे शिळाप्रेस उभे केले, शाई स्वतः बनवली, पुढे अक्षरेही पाडली, आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. छापील शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापलेल्या पोथीला शिवत नसत, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरले असे सांगतात. गिऱ्हाइकाची अडचण खरी मानून तिच्यावर उपाय शोधणारा हा माणूस मला आजच्या कोणत्याही डिझायनरचा थेट पूर्वज वाटतो. त्यांच्यानंतर जावजी दादाजी. लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागलेला गरीब घरचा मुलगा. १८६४ मध्ये त्याने टाइपचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू या पंच कापणाऱ्या सोबत्याच्या हाताने निर्णयसागरचा टाइप असा देखणा घडला की पुढची कित्येक दशके चांगल्या देवनागरी छपाईचे माप तोच होता. यांतल्या कोणाजवळ पदवी नव्हती. सरकारी योजनेची कोणी वाट पाहिली नाही.

या सगळ्यांत एक पान मला फार महत्त्वाचे वाटते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. त्याच्या पानावर दोन स्तंभ होते, एकात इंग्रजी, शेजारच्यात मराठी. दोन्ही भाषा एकाच पातळीवर, एकाच आकाराच्या जागेत. राज्यकर्त्यांनी इकडचे म्हणणे वाचावे आणि इकडच्यांनी तिकडचे, ही त्यामागची दृष्टी. पानाच्या मांडणीतूनच त्या माणसाने सांगितले की मराठी वाचकाला मिळायचे ते पूर्ण मिळेल, उरलेसुरले मिळणार नाही. वीस वर्षांच्या त्या तरुणाला जी गोष्ट शिशाच्या खिळ्यांवर जमली, ती आजच्या वेबसाइटवर जमत नाही असे म्हणायला तोंड नाही.

मध्यंतरी मात्र खरीच अडचण होती, ती नाकारता येत नाही. जोडाक्षरे, मात्रा, रफार धरून देवनागरीच्या केसमध्ये शेकडो खिळे लागत. टिळकांनीही 'केसरी'च्या छपाईसाठी ही संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. संगणक आल्यावर तीच अडचण वेगळ्या रूपात परतली. या टप्प्यावर पुण्याने मोठे काम केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाले, भारतीय लिप्यांची संगणकीय व्यवस्था तिथे वाढली. मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी गल्लोगल्लीच्या डीटीपी केंद्रांत पोचली आणि लग्नपत्रिका, अहवाल, निवडणुकीची पत्रके तीवर निघू लागली. पण प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची अक्षरजुळणी निराळी. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही, तिथे मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाल्यावर मराठी वर्तमानपत्रांच्या साइट आल्या, त्याही अशाच, आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या म्हणणाऱ्या. त्या काळात जालावर पडलेली मराठी शोधून सापडत नाही, दुसरीकडे नेता येत नाही. इतक्या लिहिणाऱ्यांचे, जुळणी करणाऱ्यांचे श्रम त्यात गेले याचे वाईट वाटते.

त्यातून बाहेर काढले युनिकोडने, आणि युनिकोडला मराठी डोळ्याला रुचेल असे रूप द्यायला पुन्हा एक अक्षरवेडा माणूसच लागला. रघुनाथ कृष्ण जोशी, सगळे त्यांना र. कृ. म्हणत. उल्का जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक, मग मुंबईच्या आयआयटीत शिक्षक. विंडोजमधून घरोघरी गेलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांनी घडवला. गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईच्या 'एक टाइप'सारख्या मंडळींनी 'मुक्ता', 'बालू', 'मोदक' हे फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतील असे खुले करून टाकले. ऑगस्ट २०१४ पासून '.भारत' या नावाने देवनागरीत पत्ताही घेता येतो. म्हणजे कोरेगावातल्या गाळ्यात बसलेल्या मुलीच्या हाती आज जे साहित्य आहे, ते जावजींनी स्वप्नातही पाहिले नसेल, आणि त्यातल्या अक्षरांसाठी तिला एक रुपया मोजावा लागत नाही.

तरीही या रस्त्यावरच्या धंद्यांची पाने उघडून पाहावीत. बहुतेक इंग्रजीत असतात, आणि तेही कोणाचेच नसलेल्या इंग्रजीत: आम्ही दर्जाला बांधील आहोत, ग्राहकाचे समाधान हेच आमचे ध्येय. रांजणगावच्या मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपला इंग्रजी पान लागते, त्याबद्दल वाद नाही. पुरवठादार म्हणून नोंदणी करताना खरेदी विभागातला माणूस तेच पाहतो. पण मंगल कार्यालयाचे काय? तिथे फोन करणारा वरबाप शिरूरचा, दौंडचा, पारनेरचा. त्याला जेवणाच्या पंगतीला एका वेळी किती माणसे बसतात, वधूपक्षाला खोल्या किती, भांडी आणि आचारी आपले आणता येतात का, जनरेटर आहे का, हे हवे असते. दवाखान्यात बाळंतिणीसोबत आलेल्या सासूला ओपीडीची वेळ हवी असते. वर्कशॉपलाही वेल्डर आणि फिटर हवे असतात, आणि ते इंग्रजी मथळे वाचून येत नाहीत. दुकानाच्या दारावरची पाटी मराठीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असावी, असा कायदा महाराष्ट्राने २०२२ मध्ये सर्व आस्थापनांना लागू केला. मात्र आज गिऱ्हाईक पहिल्यांदा ज्या दारातून आत येते, ते त्याच्या हातातल्या मोबाइलवर असते. तिथे कायदा आणावा असे मी म्हणत नाही. तिथे कारागिराची बुद्धी पुरेशी आहे.

जिथे मराठी असते तिथेही ती बहुधा परक्या मापाच्या अंगरख्यात कोंबलेली असते. टेम्प्लेट इंग्रजीसाठी शिवलेले. ओळींमधले अंतर इंग्रजीपुरते, मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतात. इंग्रजी मथळ्याला शोभतात म्हणून अक्षरांत मोकळ्या जागा सोडल्या जातात आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. पान मराठी आहे अशी खूण आतल्या कोडमध्ये कोणी करत नाही, त्यामुळे अनेक फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श तयार असूनही हिंदी वळणाचे उमटतात. 'दऱ्या'तला ऱ्य टंकायचा कसा हे ठाऊक नसल्याने तिथे 'दर्या' होतो. ही प्रत्येक गोष्ट दहा मिनिटांत दुरुस्त होते. फक्त ती चूक दिसायला डोळा लागतो, आणि डोळा घडतो तो काय पाहिले त्यावर.

म्हणून प्रेरणेचा प्रश्न मला तंत्राच्या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो. वेब डिझाइनचे काम शिकणारी मुले रोज परदेशी नमुन्यांचे संग्रह चाळतात. चाळावेत, गणपत कृष्णाजीही मिशनच्या छापखान्यात जाऊनच शिकले. पण त्याच मुलांच्या घरात भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या त्या पानावर तारीख, तिथी, नक्षत्र, सण, सूर्योदय, संकष्टीचा चंद्रोदय हे सगळे एकेका चौकोनात बसते, आणि आजीला चष्म्याशिवायही चतुर्थी सापडते. इतकी माहिती इतक्या कमी जागेत, न गोंधळवता मांडणारे पान जगात कुठेही अभ्यासाला लावावे असे आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके पाहावीत. नाटक गंभीर की फार्सिकल, हे नाव वाचण्याआधी अक्षराच्या ठेवणीवरून कळे. दीनानाथ दलालांची 'दीपावली'ची मुखपृष्ठे पाहावीत. आणि फार लांब कशाला, जुन्या बाजारपेठेत अजून टिकलेल्या, हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या पाहाव्यात. त्यांच्या कोपऱ्यात पेंटर आपले नाव लिहीत असे. फ्लेक्स आला आणि ते नाव गेले, त्याबरोबर कामाची मालकीही गेली. वेबसाइटच्या तळाशी करणाऱ्याचे नाव असते. ते नाव लाज न वाटता मिरवता यावे, एवढे काम चांगले करायचे ठरवले तर मजकूर तुम्हीच टाका म्हटल्यावर कुठूनही उचललेला परिच्छेद तिथे जाणार नाही. मालकाकडे परत जाऊन विचारावे लागेल: वर्कशॉप कोणत्या साली सुरू झाले, पहिले मशीन कुठून आणले, गावातली किती माणसे कामाला आहेत. ही उत्तरे आज कोणी लिहून ठेवत नाही. नगर रस्त्यावर शेतीचे कारखाने झाले, त्या बदलाचा इतिहास उद्या कोणाला लिहायचा झाला, तर त्याला ती उत्तरे लागणार आहेत.

ती टिकणार कशी, हीही चिंता आहे. दगड राहतो. छापलेले पंचांग कोणाच्या तरी माळ्यावर राहते. वेबसाइटचे नाव मुदतीने भाड्याने घेतलेले असते. मालकाने भाडे भरायचे सोडले, किंवा एजन्सीच बंद पडली, की पान नाहीसे होते. याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज बंद केले तेव्हा जगभरच्या सामान्य माणसांनी बांधलेली लक्षावधी पाने एका दिवसात गेली, आणि काही हौशी लोकांनी धावपळ करून वाचवली तेवढीच उरली. आपल्याकडे निम्मा मजकूर तर चित्राच्या रूपात टाकलेला असतो, दुकानाच्या बॅनरसारखा, तो शोधूनही सापडत नाही. कोटेशनमध्ये तीन गोष्टी न मागता घालाव्यात, असे मी या व्यवसायातल्या प्रत्येकाला कळकळीने सांगेन: मराठी मजकूर पूर्ण आणि युनिकोडमध्ये असेल, डोमेन मालकाच्याच नावावर असेल, आणि काम संपल्यावर सगळ्या पानांची एक प्रत मालकाच्या हातात दिली जाईल. यासाठी जादा पैसे लागत नाहीत.

कोरेगाव भीमा हे नाव आज इंटरनेटवर शोधले तर १८१८ येते, १९२७ येते, आणि २०१८ येते, त्या १ जानेवारीला झालेल्या हिंसाचारामुळे. या तारखा पुसायच्या नाहीत. त्यांतल्या पहिल्या दोहोंवर लाखोंची श्रद्धा आहे आणि तिसरीचा घाव अजून मनात आहे. पण तिथे राहणाऱ्या माणसांचे बाकीचे ३६४ दिवस त्या शोधात कुठे दिसत नाहीत, आणि जे गाव स्वतःबद्दल स्वतः काही लिहीत नाही त्याच्याबद्दल अफवा लवकर लिहिल्या जातात. म्हणून मला वाटते की सुरुवात १ जानेवारीच्याच कामापासून व्हावी. त्या दिवशी विदर्भातून, मराठवाड्यातून, मुंबईच्या वस्त्यांतून माणसे येतात, म्हातारी असतात, कडेवर मुले असतात. गाडी कुठे लावायची, स्तंभापर्यंत चालायचे किती, पाणी कुठे, शौचालय कुठे, दवाखाना कुठे, परतीची बस कुठून, चुकलेले मूल कुठे शोधायचे. साध्या मोबाइलवर, कमी रेंजमध्येही लगेच उघडेल असे मोठ्या अक्षरांतले एक मराठी पान. या रस्त्यावरच्या कोणत्याही लहान एजन्सीला ते आठवड्याभरात बांधता येईल. नोव्हेंबरात कामाला लागले, तर डिसेंबरात ग्रामपंचायतीकडून आणि पुलाच्या दोन्ही बाजूंच्या दुकानदारांकडून त्यातली प्रत्येक ओळ तपासून घ्यायला वेळ राहतो.